रोग्याचे ताट आणि रोगाचा घास
(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील व्याख्यान)



आरोग्यविषयक चार शब्द बोलावेत अशी कार्यकारी मंडळाने आज्ञा केली, ती आम्ही शिरसावंद्य मानली. आम्ही वैद्य नव्हे, डॉक्टर नव्हे. मॅट्रिक होऊन शिक्षकी पेशात शिरलो आणि धुळे व जळगाव ह्या दोन जिल्ह्यांतील शाळांतून मुलांना शिकवीत निवृत्त झालो. तेव्हा औषध सांगण्याचा अधिकार आम्हांकडे नाही आणि तो आम्ही घेणारही नाही. मात्र जाणत्यांनी शोधून काढलेली गोष्ट सोपी करून सांगणे हे शिक्षकाचे कामच आहे. तेवढेच आज करावयाचे योजिले आहे.

विषय कर्करोगाचा आहे. हे नाव निघाले की सभेत शांतता पसरते, हे आम्ही जाणतो. आज ह्या मंडपात बसलेल्या कुटुंबांपैकी अनेकांनी ह्या रोगाचे दुःख भोगलेले आहे. परंतु रोगाचे भय दाखविण्यासाठी आम्ही उभे राहिलो नाही. रोग्याच्या ताटाविषयी बोलावे, एवढाच हेतू आहे.

आपल्या घरांतून असे दिसते की, कर्करोगाचे निदान झाले की आठ दिवसांच्या आत समाचाराला येणाऱ्यांची रीघ लागते आणि प्रत्येक जण एकेक पथ्य सांगून जातो. कोणी म्हणतो दूध बंद करा, कोणी म्हणतो डाळ बंद करा, कोणी भाकरीही सोडावयास सांगतो. कारण एकच: "रोगी खातो ते गाठीला लागते, गाठ उपाशी ठेवा म्हणजे ती वाळेल." इतक्यात सुरतेस किंवा पुण्यास नोकरीस असलेला मुलगा एक मोठा डबा घेऊन येतो. त्यावर ग्लुटामीन असे नाव असते. "ह्याने ताकद येते," असे त्यास कोणी सांगितलेले असते. म्हणजे एका हाताने ताट काढून घ्यावयाचे आणि दुसऱ्या हाताने महागडी पूड पाजावयाची! गंमत अशी की ह्या दोन्ही समजुतींच्या मुळाशी एकाच द्रव्याची अर्धी माहिती आहे. ती पुरी करून घेऊ.

ग्लुटामीन म्हणजे काय? आपण डाळ, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे खातो, त्यांत प्रथिने असतात. मुळाक्षरे जोडून शब्द व्हावेत तशी ही प्रथिने वीस प्रकारच्या अमिनो आम्लांच्या जोडणीतून होतात. ग्लुटामीन हे त्या वीसांपैकी एक. १८८३ साली शुल्झे नामक रसायनशास्त्रज्ञाने ते बीटाच्या रसातून वेगळे काढले. पुढे १९३५ साली हान्स क्रेब्ज ह्यांनी दाखविले की प्राण्यांचे शरीर ते स्वतःच तयार करू शकते. ह्या क्रेब्जसाहेबांना १९५३ साली नोबेल पारितोषिक मिळाले आणि त्यांच्या नावाचे चक्र आपली मुले शास्त्राच्या पुस्तकात आजही शिकतात.

रक्तात जी अमिनो आम्ले मोकळी फिरत असतात त्यांत ग्लुटामीनचा वाटा सर्वांत मोठा, साधारण एक पंचमांश, असतो. त्याचा मुख्य कारखाना म्हणजे आपले स्नायू: दंड, मांड्या, पोटऱ्या. तेथून ते रक्तात उतरते आणि सर्व शरीरास पुरते. आतड्याचे आतील अस्तर दर तीन ते पाच दिवसांनी नवे होत असते; त्या पेशींचे हे आवडते इंधन. जंतूंशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशींना ते लागते. मूत्रपिंड त्याच्याच साह्याने रक्तातील जास्तीचे आम्ल बाहेर टाकते. ह्याच्या प्रत्येक रेणूत नायट्रोजनचे दोन अणू असतात. म्हणून अमोनियासारखा विषारी पदार्थ निरुपद्रवी रूपात एका अवयवाकडून दुसऱ्याकडे वाहून नेण्याचे कामही तेच करते. निरोगी माणसास ते बाहेरून विकत घ्यावे लागत नाही. साधे जेवण आणि धडधाकट स्नायू असले म्हणजे पुरे.

आता कर्करोगाकडे वळू. कर्कपेशी ही काही बाहेरून आलेली शत्रूची पेशी नव्हे. ती आपल्याच शरीरातली. परंतु कोठे थांबावे हे विसरलेली आणि सतत दुप्पट होत जाणारी. एकाच्या दोन व्हावयाच्या तर माल हवा. ओटो वॉरबर्ग ह्या जर्मन शास्त्रज्ञाने १९२० नंतरच्या दशकात दाखविले की कर्कपेशी साखर अधाशीपणाने ओढतात. १९५५ साली हॅरी ईगल ह्यांनी काचेच्या भांड्यात पेशी वाढविताना पाहिले की ग्लुटामीन नसेल तर त्या वाढतच नाहीत. आणि तेही इतर अमिनो आम्लांपेक्षा पुष्कळ अधिक लागते.

काचेच्या भांड्यात पेशी वाढविण्याची ही विद्या आपल्या देशात रुजविण्याचे श्रेय एका मराठी विदुषीकडे जाते, हे येथील मुलींनी मुद्दाम लक्षात ठेवावे. डॉ. कमल रणदिवे ह्यांचा जन्म १९१७ साली पुण्यात झाला. मुंबईत परळ येथे १९४१ साली टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले होते, तेथे डॉ. वसंतराव खानोलकर ह्यांच्या हाताखाली त्यांनी संशोधन केले. अमेरिकेत बाल्टिमोर येथे जॉर्ज गाय ह्यांच्या प्रयोगशाळेत पेशीसंवर्धनाचे तंत्र शिकून त्या परतल्या आणि मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी तशी प्रयोगशाळा उभारली. १९८२ साली त्यांस पद्मभूषण मिळाले. विशेष हे की उतारवयात ह्याच बाईंनी अहमदनगर जिल्ह्यातील अकोले भागात आदिवासी मुलांच्या पोषणाची पाहणी केली. पेशीचे पोषण आणि माणसाचे पोषण हे दोन्ही विषय एकाच व्यक्तीने हाताळावेत, ह्यात आम्हांस मोठे औचित्य वाटते.

कर्कपेशी ग्लुटामीनचे करते काय? तिच्याजवळ ग्लुटामिनेज नावाचे एक विकर असते. ते ग्लुटामीनमधील एक नायट्रोजन सोडवून त्याचे ग्लुटामेट बनविते. ह्या ग्लुटामेटपासून पेशी इंधन मिळविते, नव्या पेशीच्या आवरणाचा माल तयार करते आणि औषधाच्या माऱ्यापासून बचाव करणारे एक द्रव्यही घडविते. ग्लुटामीनमधला नायट्रोजन वापरून ती आनुवंशिक द्रव्याची नवी प्रत लिहिते. थोडक्यात, निरोगी पेशी जे काम मापाने करते तेच ही पेशी बेसुमार करते.

येथपर्यंत ऐकून कोणी म्हणेल, "मग आमचे खरेच की! गाठीला ग्लुटामीन लागते, तर रोग्याचे खाणे तोडावे." ह्याच ठिकाणी पाऊल चुकते. ते कसे, हे समजण्यासाठी आपल्या खानदेशाचाच दाखला घेऊ.

पांझरेकाठच्या मंडळींना फडाची पद्धत ठाऊक आहे. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखाली फड, आणि पाटकरी ठरलेल्या क्रमाने पाणी सोडणार. शेकडो वर्षे ही शिस्त आपल्या पूर्वजांनी पाळली. शरीरातील ग्लुटामीनचे वाटप असेच समजा. स्नायू हा बंधारा, रक्त हा पाट. आतडे, मूत्रपिंड, पांढऱ्या पेशी हे निरनिराळे फड. आता कल्पना करा की एका शेतकऱ्याने पाटकऱ्यास न जुमानता रात्रंदिवस आपल्या वाफ्याचे तोंड उघडे ठेवले. त्यास धडा शिकवावा म्हणून गावाने नदीचेच पाणी वळवून बंधारा कोरडा पाडला तर काय होईल? चोराचे पीक वाळण्यापूर्वी सज्जनांचे वाळेल. चोराने तर बंधाऱ्यालाच भगदाड पाडून ठेवले आहे. उरलेले शेवटचे पाणीही त्याच्याकडेच जाईल.

उपाशी शरीरात तंतोतंत असेच घडते. अन्न थांबले म्हणून रक्तातील ग्लुटामीन थांबत नाही. शरीर स्वतःचे स्नायू मोडते आणि त्यांतून अमिनो आम्ले रक्तात सोडते. त्यांत ग्लुटामीनचे प्रमाण मोठे असते. त्यावर कर्करोग स्वतःही शरीरात असा दाह निर्माण करतो की स्नायूंची झीज अधिकच वेगाने होते. भाकरी बंद केल्याने गाठ उपाशी राहत नाही. ती रोग्याच्या दंडातून आणि मांडीतून जेवते. उपाशी राहतात ती आतडी आणि त्या पांढऱ्या पेशी, ज्यांच्या जोरावर रोग्याने उपचार सोसावयाचा असतो.

आमच्या पाहण्यातील एक उदाहरण, नावगाव न घेता, सांगतो. आमच्या आप्तांपैकी एका वहिनींच्या स्तनातील गाठीवर उपचार चालू होते. एका परिचिताने त्यांस दूध, डाळ, पोळी सारे सोडावयास लावून नुसत्या रसावर ठेवले. वहिनी मोठ्या निष्ठेने पथ्य पाळीत. दोन महिन्यांत बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. तिसऱ्या खेपेस डॉक्टरांनी वजन पाहिले आणि औषधाचा डोस पुढे ढकलला. एवढ्या अशक्त शरीरास तो सोसवणार नाही असे सांगितले. म्हणजे ज्या पथ्याने रोग हटावयाचा, त्या पथ्याने उपचारच अडला. पुढे सुनेने धीराने सासूबाईंस दोन-दोन तासांनी थोडेथोडे भरवावयास आरंभ केला. दूधभात, मुगाची खिचडी, दही, अंडे. वजन सावरले आणि राहिलेले डोस पुरे झाले. त्या सुनेने कोणतीही गुप्त विद्या वापरली नव्हती. तिने फक्त ताट परत आणले होते.

युरोपातील पोषणशास्त्रज्ञांच्या संस्थेने कर्करुग्णांच्या आहाराविषयी जे नियम घालून दिले आहेत त्यांतही हेच सांगितले आहे: अन्नाने गाठ पोसते ह्या तर्कावर रोग्याचे अन्न तोडू नये, कारण माणसांत तसे घडल्याचा पुरावा नाही, आणि कृश झाल्याने होणारी हानी मात्र उघड आहे. हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे की, वाढलेल्या रोगात नुसत्या खाण्याने झीज पूर्णपणे थांबत नाही. परंतु उपासाने ती निश्चित वाढते.

मग गाठीचा घास तोडावयाचा मार्गच नाही काय? शास्त्रज्ञ तो पाऊणशे वर्षे शोधीत आहेत. १९५० नंतरच्या दशकात मातीतील सूक्ष्मजीवांपासून डॉन ह्या संक्षिप्त नावाचे एक द्रव्य मिळाले. ते ग्लुटामीनसारखे दिसते आणि त्याच्या जागी बसून पेशीचे काम बंद पाडते. परंतु ते गाठीबरोबर आतड्यावरही घाव घालू लागले आणि रोग्यांना ते सोसवेना. अलीकडे ग्लुटामिनेज विकरासच कुलूप लावणारे टेलाग्लेनास्टॅट हे औषध निघाले. मूत्रपिंडाच्या कर्करोगात दुसऱ्या औषधाच्या जोडीने त्याची कसोटी झाली. १९२१ नव्हे, अगदी काल-परवा, २०२१ साली तिचा निकाल आला, तो निराशाजनक होता. कर्कपेशी एक वाट बंद झाली की दुसरी काढतात. आता डॉन हे द्रव्य गाठीत पोहोचल्यावरच जागे होईल अशा रूपात देण्याचे प्रयोग चालू आहेत. ज्या कामात निष्णात रसायनशास्त्रज्ञांची इतकी दमछाक होते, ते काम दूध-डाळ बंद करून साधेल असे मानणे कितपत शहाणपणाचे?

एका ठिकाणी मात्र असा डाव उत्तम साधला आहे, आणि तो समजून घेण्याजोगा आहे. १९५३ साली किड नामक शास्त्रज्ञास दिसले की गिनी-पिगच्या रक्तद्रवाने उंदरांतील एका प्रकारच्या गाठी विरघळतात. १९६१ साली ब्रूम ह्यांनी दाखविले की हा प्रभाव त्यातील अस्पॅराजिनेज नावाच्या विकराचा आहे. अस्पॅराजीन हे ग्लुटामीनचे जणू धाकटे भावंड. मुलांच्या एका रक्ताच्या कर्करोगातील पेशींना ते स्वतः पुरेसे बनविता येत नाही. निरोगी पेशींना बनविता येते. म्हणून हे विकर टोचून रक्तातील अस्पॅराजीन नष्ट केले की कर्कपेशी अडचणीत येतात आणि बाकीचे शरीर बहुतांशी तरून जाते. आज जगभर अशा बालकांच्या उपचारात हे औषध इतर औषधांबरोबर वापरले जाते. पाहा, येथे लेकराचे जेवण तोडलेले नाही. चोराच्या एकट्याच्याच वाफ्याचे तोंड बुजविले आहे. उपास आणि उपचार ह्यांत हाच भेद आहे.

आता त्या डब्याविषयी. "शरीरास हे द्रव्य लागते, तर जास्त दिलेले बरे," असा तर्क डॉक्टरांनीही करून पाहिला आणि त्याची रीतसर परीक्षा घेतली. अनेक अवयव निकामी होऊ लागलेल्या १२२३ अत्यवस्थ रुग्णांवर झालेल्या कसोटीचा निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाला. अपेक्षा अशी होती की ग्लुटामीन दिलेले रुग्ण अधिक वाचतील. प्रत्यक्षात त्यांच्यात मृत्यू अधिक झाले. उपयोगी द्रव्य अवेळी आणि बेसुमार दिले तर अपाय करते, ह्याचा ह्याहून मोठा धडा कोणता?

उलट बाजूही सांगितली पाहिजे. सातपुड्याच्या कुशीत, आपल्या धुळे-नंदुरबारकडील आदिवासी बांधवांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार आढळतो. लाल पेशी कोयत्यासारख्या वाकतात आणि रोग्यास असह्य कळा येतात. ह्या विकारात शुद्ध ग्लुटामीनची पूड वजनाप्रमाणे मोजून दिली असता कळांच्या खेपा कमी होतात, असे २३० रुग्णांच्या कसोटीत दिसले. ४८ आठवड्यांत जेथे चार खेपा येत तेथे साधारण तीन आल्या. त्यावरून २०१७ साली अमेरिकेत त्या औषधास मान्यता मिळाली. तात्पर्य, तेच द्रव्य एका रोगात उपकारक, दुसऱ्या अवस्थेत अपकारक. निवड करण्याचे काम डॉक्टरांचे आहे. दुकानदाराचे नव्हे, शेजाऱ्याचे नव्हे आणि आम्हां मास्तरांचेही नव्हे.

तर मग रोग्याने खावे काय? वर सांगितलेल्या नियमांप्रमाणे कर्करुग्णास दररोज वजनाच्या दर किलोस एक ग्रॅमहून अधिक, जमल्यास दीड ग्रॅमपर्यंत प्रथिने मिळावीत. पन्नास किलोच्या माणसास पन्नास ते पंचाहत्तर ग्रॅम. हा हिशेब आपल्या चुलीवर सहज जमतो. १२० ग्रॅम कळण्याच्या पिठाच्या भाकरीत सुमारे १५ ग्रॅम, ६० ग्रॅम डाळीच्या घट्ट वरणात १४, अर्धा लिटर दुधा-दह्यात १६ आणि मूठभर शेंगदाण्यांत ६, बेरीज ५१. अंडे खाणाऱ्यांनी दर अंड्यास ६ ग्रॅम मिळवावेत. तोंड आले असेल तर भाकरी दुधात कुस्करावी, फुणके कढीत मऊ करून द्यावेत, आपल्या रावेर-यावलचे केळे ठेचून द्यावे. ताट एकदम भरून समोर ठेवू नये. थोडे थोडे, पण वरचेवर द्यावे. अंगात शक्ती असेल तितके चालावे, कारण वापरलेला स्नायू टिकतो. ज्यांस मूत्रपिंडाचा विकार वा मधुमेह आहे त्यांनी मात्र हे माप डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

आणखी एक गोष्ट, जी ताटापूर्वीची आहे. डॉ. खानोलकरांनी तंबाखू आणि तोंडाचा कर्करोग ह्यांचे नाते फार पूर्वीच दाखवून दिले. आपल्या राज्यात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. पण चुन्याबरोबर मळलेली तंबाखू आणि बायकांच्या हातची मशेरी अजून घराघरांत आहे. तोंडातला पांढरा चट्टा, तीन आठवडे न भरणारी जखम, कमी कमी उघडणारे तोंड, स्तनातील न दुखणारी गाठ, पाळी थांबल्यावर पुन्हा दिसलेले रक्त, ह्यांपैकी काहीही आढळल्यास लाज आणि भीती बाजूस ठेवून धुळे वा जळगाव येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखवावे. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, तिची चौकशी तेथेच करावी. दुखत नाही म्हणून थांबणे हीच सर्वांत घातक गोष्ट होय.

शेवटी मंडळास एक विनंती करतो. आपल्या ज्ञातीत समाचाराला जाण्याची रीत चांगली आहे, ती टिकावी. परंतु ह्यापुढे कर्करुग्णाच्या घरी जाताना आपण पथ्य न नेता डबा न्यावा. "हे खाऊ नका" असे सांगण्याऐवजी "हे थोडे खाऊन पाहा" असे म्हणावे. मुंबईस उपचाराला निघालेल्या कुटुंबाबरोबर मंडळाच्या तरुणांपैकी एकाने जावे, कागदपत्रे सांभाळावीत, डॉक्टरांचे बोलणे लिहून आणावे. आणि ज्या सुना, लेकी, बहिणी रात्रंदिवस रोग्याच्या उशाशी बसून घास भरवितात, त्यांचा ह्या मंडळाने पुढील संमेलनात जाहीर सत्कार करावा. औषध देणारे हात पुष्कळांस दिसतात. जेवू घालणारे हात कोणी मोजीत नाही.